खिशात राहिलेली नोंद

४ नोव्हेंबर

अकरा महिने काही लिहिलं नाही. वहीची माफी मागणं पोरकटपणाचं आहे, पण सध्या कुणाची तरी माफी मागायची सवय लावून घ्यायला हवी, तर सुरुवात तिच्यापासून.

काल फळांच्या गोदामात एक माणूस मेला. गोदाम आमचं गिऱ्हाईक. दादाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "गोदामात माणूस गेला," तो म्हणाला आणि त्याच श्वासात, "आपला काही संबंध नसावा." पहिल्या वाक्याने मला धक्का बसला आणि दुसऱ्याने बरं वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

दादा माझा थोरला भाऊ, आणि मालकही. त्याच्या कंपनीत आम्ही अकरा जण गोदामांसाठी नियंत्रणयंत्रं बनवतो. बंद खोल्यांतला प्राणवायू काढून नायट्रोजन भरला की फळं महिनोन्महिने झोपून राहतात. माणूस मात्र अशा हवेत दोन-चार श्वासांत कोसळतो. म्हणून प्रत्येक दारावर कार्ड-रीडर. आत जाताना कार्ड लावलं की पडद्यावरचा आकडा एकाने वाढतो, बाहेर पडताना कमी होतो. आकडा शून्य असेल तरच दार लावून गॅस सोडता येतो. आत कोण गेलं याची वेगळी यादी नाही, हा आकडा आणि तो बदलल्याची वेळ हीच नोंद. ती ज्या मेमरीत राहते ती वीज गेली तरी विसरत नाही. त्या मेमरीशी बोलणारा प्रोग्राम, तिचा ड्रायव्हर, मी लिहिलेला आहे.

गेला तो हमाल. तीन वाजता पाचव्या खोलीत कोसळलेले खोके रचायला आत शिरला. दारावर ज्या बाई बसतात त्या म्हणतात, त्याने कार्ड लावलं, टुंग वाजलं, आकडा एक झाला. चार मिनिटांनी वीज गेली आणि पापणी लवते न लवते तोच परत आली. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा आकडा शून्य. बाईंना वाटलं, तो मागच्या दाराने बाहेर पडला असेल. त्यांनी दार लावून गॅस सोडला. संध्याकाळी पाळी बदलली तेव्हा कळलं. दाराला आतून उघडायची कडी आहे. तो कडीपासून सात पावलांवर पडलेला होता.

आमच्या यंत्राची नोंद सांगते की तीन वाजता पाचव्या खोलीत कुणीच गेलं नाही. म्हणजे बाई खोटं बोलतात. त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आहे.

रोजच्या नोंदीखाली उद्याचं एकच काम लिहायची माझी जुनी सवय. आज लिहीत नाही. मागची पानंही चाळली नाहीत.

५ नोव्हेंबर

आईने वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तुझं काम नक्की काय असतं गं?"

मी सांगितलं. प्रोसेसरच्या अगदी जवळ एक छोटी, चपळ मेमरी असते, कॅश. काहीही लिहायचं झालं की तो आधी तिथे लिहितो. तिथून ते खऱ्या मेमरीत कधी उतरवायचं, हे ड्रायव्हर लिहिणारा ठरवतो. एका पद्धतीत कॅश वापरायचीच नाही. अगदी सुरक्षित, पण आमचा पडदा तेव्हा गोगलगायीसारखा चालायचा. दुसरी राइट-थ्रू, कॅशमध्ये लिहितानाच खालीही लिहायचं. तिसरी राइट-बॅक. कॅशमध्ये लिहून "झालं" म्हणायचं आणि खाली सवडीने, सगळं एकदम उतरवायचं. सगळ्यात वेगवान हीच.

"म्हणजे आपल्या दादासारखं," आई म्हणाली.

मला खरंच हसू फुटलं. लहानपणी दादाला पत्रं पेटीत टाकायला दिली की तो दप्तराच्या खिशात ठेवायचा. विचारलं की "टाकली". का नाही टाकलीस, तर "सगळी साठली की एकदम टाकीन, चार खेपा कशाला?" आत्याच्या साखरपुड्याचं उत्तर परीक्षेनंतर दप्तर धुताना सापडलं होतं. आत्या मेली तरी ते विसरली नाही.

हसून झाल्यावर आईने विचारलं, "मग तू कुठली पद्धत घेतलीस?"

"तिसरी."

कारण होतं. राइट-बॅकमध्येही एक हुकूम देता येतो, फ्लश. आत्ताच्या आत्ता खाली उतरव आणि पोच दे. प्रत्येक नोंदीनंतर तो हुकूम द्यायचा, एवढी एक ओळ मी लिहिली होती. पण ड्रायव्हरला माणूस आणि तापमान यातला फरक कळत नाही, त्याला सगळे बाइटच. सेकंदाला हजारो तापमानं, हजारो वायूंची मापं, आणि प्रत्येकाची पोच. गर्दीच्या वेळी पडदा अडखळायचा, आणि एकामागून एक दोघं आत शिरले तर दुसऱ्याचं कार्ड कधीकधी वाचलंच जायचं नाही. तेही जिवावरचंच. इकडे प्रोसेसर आणि मेमरी ज्यावर बसवतात तो बोर्ड बनवणाऱ्यांनी बोर्डाच्या माहिती-तक्त्यात एक बिट, म्हणजे हो-नाहीची एक खूण, लावून दिलेला आहे. त्याचा अर्थ, वीज गेली तर शेवटच्या काही मिलिसेकंदांत कॅशमधलं सगळं मी स्वतः खाली उतरवीन, तुम्ही फ्लश नाही केलं तरी चालेल. गेल्या वर्षी मी त्या ओळीला अट घातली. बिट असेल तर फ्लश नको.

आणि पाचशे वेळा वीज तोडून पाहिली होती. हाताने, प्लग उपटून. आमच्याकडे रिवाज आहे, ज्याचा ड्रायव्हर त्यानेच प्लग उपटायचा आणि वहीत रेघ मारायची. पाचशे रेघा, एकही नोंद गेली नाही.

कारणं चांगली होती. ती मी पुन्हा पुन्हा तपासते आहे आणि दर वेळी तितकीच चांगली निघतात. हे मला आवडत नाही.

७ नोव्हेंबर

दादाबरोबर गोदामात गेले, यंत्रातल्या नोंदी उतरवून घ्यायला. पाचवी खोली रिकामी केली आहे. दारावरची काच तळहाताएवढी. आत थंडावा, बाहेर ऊब, म्हणून तिच्यावर सतत बाष्प.

बाई कालच जामिनावर सुटल्यात. कामावर नाहीत, तरी फाटकाशी येऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पायात पुरुषी बूट. दादा गाडीकडे गेला. त्या माझ्याकडे आल्या.

"तुम्ही यंत्रवाल्या ना?"

"हो."

"मग मला एक सांगा ताई. टुंग वाजलेलं त्यात राहतं का?"

"आवाज नाही राहत. नोंद राहते."

"नोंद नाही म्हणतात ते. मी म्हणते टुंग वाजलं. नऊ वर्षं ते टुंग ऐकतेय मी, झोपेतसुद्धा वाजतं. शिवाय तो आत जाताना म्हणाला, 'मावशी, एक झाला बघा, मीच तो एक.' रोज म्हणायचा. मेला फार बडबड्या होता." मग स्वतःच थबकल्या. "मेला असं तोंडात बसलंय हो. तसं नव्हतं म्हणायचं."

मी विचारलं, काचेतून पाहिलं होतं का. नियम तसा आहे.

"पाहिलं. धूसर होतं. पुसायला फडकं आणायला निघाले, तर पडद्यावर शून्य. म्हटलं, यंत्र काय खोटं बोलणारे? तुम्हीच शिकवायला आलेल्या तेव्हा सांगितलं होतं ना, डोळ्यापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवा."

सांगितलं होतं. हेच शब्द.

परत येताना दादा म्हणाला, "त्या बाईशी बोलत जाऊ नकोस, चिमे. तुला त्रास होईल." माझी तब्येत त्याला लगेच कळते.

१० नोव्हेंबर

दादाने चाचण्यांची वही मागून घेतली. माझ्या टेबलावर कुणीही येतं-जातं, त्याच्या कपाटात सुरक्षित राहील म्हणाला. खरंच आहे. तिच्यात पाचशे रेघा आहेत. एका पानावर शंकासुराची एक शंकाही आहे, मी तिला काहीतरी उत्तर दिलं होतं. नेमकं काय ते आता आठवत नाही.

शंकासुर म्हणजे आमचे चाचणीवाले काका. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. प्रत्येक गोष्टीत शंका काढतात म्हणून हे नाव, आणि आता तेच स्वतःची सही तशी करतात.

"आणखी कुठे लिहून ठेवलंयस का त्या दिवसांचं?" दादाने विचारलं. "तुझी ती डायरी वगैरे?"

मी म्हटलं, तेव्हापासूनच तर बंद आहे. तो म्हणाला, बरं झालं, उगाच डोक्याला ताण. किती बारीक लक्ष असतं त्याचं.

१३ नोव्हेंबर

शंकासुर सकाळी खोकं घेऊन आले. आत बारा कार्ड-रीडर.

"हे कुठून आणलेत?"

"सेवा विभागातून. उसने. शिवाय गॅसच्या झडपा उघडणाऱ्या, विजेवरच्या चार गुंडाळ्या. बाईसाहेब, गोदामात जसं आहे तसं जोडून एकदा उपटून बघू या की. माझी शंका जुनीच आहे."

जोडलं. मी प्लग उपटायचा, ते रेघ मारायचे. पहिल्या चाळीसांत काही नाही. मला चक्क राग येत होता त्यांचा. एकेचाळिसाव्याला यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर शून्य. मी नुकतंच कार्ड लावलेलं होतं. टुंग मी स्वतः ऐकलं होतं.

शंकासुरांनी पेन्सिलीने रेघेऐवजी गोल काढला.

दोनशे वेळा उपटलं. पाच गोल.

मग त्यांनी मोजून दाखवलं. कॅश रिकामी करायला बोर्डाला नऊ मिलिसेकंद लागतात. वीज गेल्यावर पॉवर सप्लायमध्ये जी शिल्लक उरते ती तेवढा वेळ पुरायला हवी. माझ्या टेबलावर त्या सप्लायच्या जिवावर बोर्डाशिवाय कुणी नव्हतं, त्याचा दम वीस मिलिसेकंद टिकायचा. गोदामात बारा रीडर आणि झडपा त्याच घागरीतून पितात. चार मिलिसेकंदांत घागर कोरडी. बिट खोटा नव्हता. तो त्या बोर्डाने एकट्याने दिलेला शब्द होता.

"पण पाचच का?" मी विचारलं. "आणि चार मिनिटं ती नोंद कॅशमध्ये राहिलीच कशी? इतक्या वेळात खाली उतरायला हवी होती."

"जे लागत नाही ते खाली जातं, बाईसाहेब. हा आकडा पडदा सारखा वाचतो. सारखं लागतं ते वरच राहतं. बाकी सगळं पोचलं असतं, हाच राहतो. पाच वेळा बोर्डाची पाळी याच्यापर्यंत यायच्या आत दम संपला, एवढंच."

म्हणजे बाई त्या आकड्याकडे बघत बसू शकतील म्हणूनच तो खिशात राहिला. चार मिनिटं.

दुपारी मी अट काढून टाकली. बिट असो-नसो, आकड्यासाठी फ्लश. आकड्याला वेगळी जागा दिली, तापमानांना तशीच सोडली. पडदा अजिबात अडखळला नाही. दोन तासांचं काम होतं. तेव्हा हे सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं?

दादाने तासाभरात नवा ड्रायव्हर बाकीच्या सहाही गोदामांना पाठवला. सोबतच्या पत्रात कारण म्हणून "नेहमीची सुधारणा" लिहिलं. कामाला किती झटपट आहे तो.

१५ नोव्हेंबर

तपास अधिकाऱ्यांना आमचा तांत्रिक अहवाल वीस तारखेला हवा आहे. त्यावर बाईंच्या खटल्याचं ठरेल. अहवाल मी लिहायचा, सही दादाची.

"लिही, की हा दोष पुन्हा घडवून आणता आला नाही," दादा म्हणाला.

"आला की. दोनशेंत पाच वेळा."

"उसन्या रीडरांवर. त्यांच्यातच दोष नसेल कशावरून?"

"दादा."

"अगं, अकरा घरं आहेत यावर. तुझं एक, माझं एक, तुझ्या शंकासुराचं एक. गेलेला माणूस परत येणारे का?"

"बाई खोटं बोलल्या असं होईल रे."

"खोटं नसेल. चूक म्हणू. काचेतून बघायचा नियम आहे ना? धूसर होतं तर पुसायची होती. नियम त्यांनी मोडला, मी नाही."

तो बरोबर बोलत होता. पुसायची होती. मीही बारा रीडर जोडायचे होते. दोघींनी एका वस्तूवर विसंबून आपापलं फडकं आणलं नाही. त्यांना ताब्यात घेतलं आणि मला सुट्टी घे म्हणतात.

१७ नोव्हेंबर

दादाने वही परत दिली. पाचशे रेघा जागच्या जागी. शंकासुरांची शंका शोधायला गेले तर सापडेना. मला वाटलं, माझाच गोंधळ, दुसऱ्या वहीत असेल. पण मधलं एक पान हाताला सैल लागलं. वही शिवलेली आहे. शिवलेल्या वहीतलं एक पान गेलं की टाक्यापलीकडचं त्याचं जोडीदार पान सुटतं.

शंकासुर तसं का करतील, हा विचार मी चांगला दहा मिनिटं केला. इतकी मी शहाणी.

आता लाजेची गोष्ट. कळलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या पानावर काय होतं ते मला परवाही आठवत होतं आणि दहा तारखेलाही. ते नाहीसं झालं म्हणजे उरतो फक्त बोर्डवाल्यांचा बिट. त्यांनी शब्द दिला, आम्ही मानला. मी एक कष्टाळू, फसवली गेलेली बाई. अहवालाचा असा मसुदाही सुचला, ओळीच्या ओळी, सुंदर भाषेत.

शंकासुरांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या शंकेला पान लागत नाही. पण माझ्या शब्दाला किंमत किती? मी सगळ्यातच शंका काढतो ना. तुमच्या उत्तराला होती."

१९ नोव्हेंबर

आज मागची पानं चाळली.

शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या तीन डिसेंबरची आहे. आधी चार ओळी आईच्या गुडघ्यावर. मग, "शंकासुर म्हणतात रीडर जोडून करा. गरज नाही म्हणून सही केली. पण मन खात आहे." आणि खाली, नेहमीच्या जागी, "उद्या: बारा रीडर मागवून पुन्हा उपटून पाहणे."

पुढचं पान कोरं आहे. त्यानंतर या महिन्याची चार तारीख.

ते काम केलं नाही आणि दुसऱ्या दिवशी वही उघडली असती तर तसं लिहावं लागलं असतं. मग उघडलीच नाही. मला वाटत होतं, कामाच्या रगाड्यात राहून गेलं. लोकांना मी हेच सांगत होते, वेळ मिळत नाही हो.

फाटलेल्या पानावर जे होतं ते इथे उतरवते. लाल शाईत, "बारा रीडर व झडपा जोडून केले का? – शंकासुर". खाली निळ्या शाईत, "गरज नाही. तक्त्यात बिट आहे." त्याखाली माझी सही. तारीख तीन डिसेंबर.

अहवाल खरा लिहिला. दोनशेंत पाच, सगळी मापं, मूळ ड्रायव्हर, नवा ड्रायव्हर. बाईंचं म्हणणं यंत्राशी जुळतं, हे पहिल्याच परिच्छेदात. दादा त्यावर सही करणार नाही, म्हणून माझीच केली.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिची दोनच मुलं.

"दादाला सांगितलंस?"

"तिथे देऊन आले की सांगेन."

"नाही. आधी सांग. तो तसा वागला म्हणून तूही पाठीमागून करू नकोस."

मग फोन केला. सगळं सांगितलं.

"ते पान मी तुझ्यासाठी फाडलं, चिमे. सही तुझी होती."

"माहीत आहे. मला बरं वाटलं होतं. तेही लिहिलंय."

"त्या वहीत?"

"हो."

"तू तर म्हणालीस बंद आहे."

"होती. परत सुरू केली."

"काय काय लिहिलंयस?"

"सगळं. तू 'नेहमीची सुधारणा' लिहिलंस ते. मी किती झटपट म्हणून कौतुक केलं ते."

तिकडे वहिनी मागे कुणाला तरी जेवायला हाक मारत होती.

"पत्रांचंही?" त्याने विचारलं.

"पत्रांचंही."

तो हसला की काय, कळलं नाही. नीट ऐकायच्या आत त्याने फोन ठेवला होता. आईने विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. ती उठून आत गेली आणि तिने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. तसं ती कधी लावत नाही.

उद्या: साडेनऊला तपास अधिकाऱ्यांकडे अहवाल आणि ही वही देणे, समोर उभं राहून पोच घेणे.